तंबोरा म्हणजे पंखा नव्हे

ऑनलाइन गाण्याच्या क्लासात आवाज घुसमटला, फाटला किंवा मधूनच गायब झाला की घरोघरी एकच निदान होतं: साउंड ड्रायव्हर गेला. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवालाही तेच सांगतो आणि वर म्हणतो, विंडोज मारून घ्या. पैसे जातात, फायली इकडच्या तिकडे होतात आणि पुढच्या क्लासला तंबोरा पुन्हा गडप. होणारच. ड्रायव्हर ठणठणीत होता. बिघाड होता तो सेटिंगमधल्या त्या टिकमार्कांचा, जे कोणीतरी आपल्याला न विचारता आधीच करून ठेवले आहेत. ते ठेवताना ऑफिसच्या मीटिंगचा विचार झाला. गाण्याचा झालाच नाही.

मीटिंगचं सॉफ्टवेअर माइकमधून येणाऱ्या आवाजाचे दोन भाग करतं: माणसाचं बोलणं आणि बाकीचा कचरा. बोलणं चढतं, उतरतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. जे एकसारखं चालू राहतं ते पंखा, एसी किंवा पाण्याचा पंप असणार, म्हणून ते कापायचं. याला नॉइज सप्रेशन म्हणतात, आणि बोलण्यासाठी ते खरोखर उपयोगी आहे. पण तंबोऱ्याचं कामच मुळी एकसारखं चालू राहणं हे आहे.

पुण्यातल्या बाई शिकवताहेत आणि न्यू जर्सीतली मुलगी ऐकते आहे, तिच्या कानांनी ऐकून बघा. पहिले काही क्षण तंबोरा छान येतो. मग सॉफ्टवेअर त्याला पंखा ठरवतं आणि तो पातळ होत जातो. बाईंनी ‘सा’ लावला की तेवढ्यापुरता आवाजाच्या कडेला चिकटून परत येतो, बाई थांबल्या की पुन्हा सामसूम. बाईंनी तोच ‘सा’ दमदारपणे लांबवला तर सॉफ्टवेअर त्यालाही कुरतडायला लागतं, कारण न हलणारा सूर त्याच्या हिशेबात बोलणं नसतोच. सूर स्थिर ठेवायला शिकायचं आणि यंत्राने तोच कापायचा, असा हा वर्ग चालतो. मुलगी बेसूर होते, तिला ओरडा बसतो, आणि ती बिचारी ‘माझाच कान कच्चा’ म्हणून गप्प बसते. याचा मला मनापासून राग येतो.

मिरजेत भोपळा पारखण्यापासून जवारी लावण्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या हात घासले गेले, तेव्हा तंबोऱ्याचा तो झंकार तयार झाला. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या पाठीला दिलेला तो अगदी किंचित उतार, तारेखाली सरकवलेला दोरा, आणि दोरा केसभर इकडेतिकडे करताच उघडणारा आवाज: हे सगळं तारेतले वरचे उपस्वर मोकळे व्हावेत म्हणून. खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सॉफ्टवेअरची कात्री पहिली चालते ती नेमकी यावर.

उपाय आहे, आणि फुकट आहे. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाची सोय आहे आणि तिच्यात ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ २०२० पासून आहे. ऑडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन ती निवडायची, आणि मीटिंग सुरू झाल्यावर वरचं बटण चालू आहे ना ते बघायचं. निवडून ठेवलं पण बटण बंद, असं हमखास होतं. माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करणारी खूणही काढून टाका. ती असली की हळू घेतलेली मींड वर ओढली जाते, तार सप्तकातली हाक दाबली जाते आणि गाणं एका पातळीवर सपाट होतं. एको कॅन्सलेशन मात्र कानात हेडफोन असेल तरच बंद करा, नाहीतर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल. हे सगळं दोन्ही टोकांना करायचं. सॉफ्टवेअर ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या माइकपाशीच कापतं, त्यामुळे शिष्याने कितीही सेटिंग बदललं तरी बाईंचा तंबोरा सुटत नाही.

हेडफोन म्हटलं की ब्लूटूथ आलं, आणि इथे तर सर्रास फसवणूक होते. गाणी ऐकताना तोच हेडफोन सुरेख वाजतो. क्लास सुरू झाला, माइक उघडला, की क्षणात आवाज डबड्यातून आल्यासारखा. ड्रायव्हर खराब? नाही. हेडफोनने मोड बदलला. नुसतं ऐकताना तो ए-टू-डी-पी नावाच्या पद्धतीने चालतो: स्टिरिओ, सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत. माइक उघडला की फोन कॉलसाठी बनवलेल्या हँड्स-फ्री पद्धतीवर जातो: मोनो, जुन्या प्रकारात सेकंदाला अवघे ६४ किलोबिट. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजारच घेतले जातात, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही. सुधारित प्रकारात ही हद्द ८ हजारांवर जाते, बस. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ बोथट का होतो, याचं उत्तर एवढंच आहे. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ पद्धतीत यावर तोड आहे, पण हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही ते यावं लागतं. तोवर वायरचा हेडफोन घ्या. काही हजारांच्या ब्लूटूथपेक्षा काहीशे रुपयांचा वायरवाला क्लासात चांगला ठरतो, हे दुकानात कोणी सांगणार नाही.

वायरमुळे आणखी एक गोष्ट वाचते: वेळ. ब्लूटूथ आवाजाला आणखी मागे खेचतं, आणि तो आधीच उशिरा येत असतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं एका बाजूने जायलाच ६० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. वाटेतली वळणं आणि थांबे धरले तर हा आकडा बराच वाढतो. इथून ठेका आणि तिथून गाणं, हे सम साधून होणार नाही, ड्रायव्हर कितीही नवा टाका. तंबोरा ज्याने त्याने आपल्याकडे लावावा आणि तबला शिष्याच्या बाजूलाच वाजावा.

आता विंडोजमधल्या टिकमार्कांकडे. साउंड सेटिंगमध्ये खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे, त्यात ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब. तिथे मुळातच निवडलेलं असतं: बोलणं सुरू झालं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करा. लॅपटॉपवर तंबोऱ्याचं ॲप लावून शिकणारी मुलं आवाज वाढवत बसतात ती यामुळे. ‘डू नथिंग’ करा. मग स्पीकर आणि माइक दोन्हींच्या गुणधर्मांत ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. लॅपटॉप कंपन्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून बास, सराउंड, ‘क्लिअर व्हॉइस’ वगैरे घालतात, तेही बंद. झूमने कापणं थांबवलं तरी हे खालच्या मजल्यावर कापतच राहतात.

आणि त्याच गुणधर्मांतला २४ बिट, १ लाख ९२ हजार हर्ट्झचा पर्याय बघून हात शिवशिवू देऊ नका. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. सीडीचे ४४,१०० नमुने त्याला पुरून उरतात. लॅपटॉपवर ४८,००० ठेवा आणि विसरून जा.

ड्रायव्हर कधीच दोषी नसतो, असं मी म्हणत नाही. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं, त्या डॉसच्या काळात कार्डाचा पोर्ट २२०, इंटरप्ट ५ की ७, हे आकडे आपण स्वतः भरायचो, आणि एक चुकला की आवाज बंद. आजही विंडोजच्या अपडेटनंतर आवाज गेला तर संशय ड्रायव्हरवरच घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साउंड डिव्हाइसवर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ते बटण फिकट असेल तर डिव्हाइस अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा चालू करा, विंडोज स्वतः ड्रायव्हर बसवतं. नाहीच जमलं तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून, नेमका मॉडेल नंबर घालून, ड्रायव्हर उतरवा. ‘तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत’ म्हणून भीती घालणारी सॉफ्टवेअर चुकूनही घेऊ नका. चालू असलेलं बिघडवायचे तीही पैसे घेतात. आणि आवाज तडतडत असेल तर पुष्कळदा गुन्हेगार दुसराच असतो: वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो आणि आवाजाची पाळी चुकते. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं फुकट साधन कोण अडवतंय ते नावानिशी दाखवतं. विंडोज मारायचा सल्ला देणाऱ्याने आधी एवढं तरी चालवून बघावं.

माझं मागणं क्लासेसकडे आहे. परदेशातल्या मुलांकडून डॉलर-पौंडात फी घेता, प्रवेश देताना वही कोणती, पट्टी कोणती, कपड्यांचा रंग कोणता हेसुद्धा कळवता. त्याच पत्रात या सेटिंगची अर्ध्या पानाची यादी का नसते? पहिल्या तासाची पाच मिनिटं यासाठी ठेवा. शिष्याला तंबोरा लावून ‘सा’ धरायला सांगा आणि तुमच्या बाजूने जे ऐकू येतं ते रेकॉर्ड करा. त्याने तेच त्याच्या बाजूने, तुमच्या आवाजाचं करायचं. मग दोघांनी एकमेकांची रेकॉर्डिंग पाठवून ऐकायची. तंबोरा दोन्हींत शेवटपर्यंत टिकला, तर अलंकार सुरू करा.