मा. ‘संबंधित विभाग’ यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. संबंधित विभाग,
(पत्ता ठाऊक नाही, टपाल खात्याने कृपया शोधून द्यावा)

विषय : आणे पठारावर पडलेला पावसाचा थेंब नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे कळण्याबाबत.
संदर्भ : आमच्या आजवरच्या सगळ्या अर्जांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

आपली आमची गाठ अजून पडलेली नाही, पण नाव मात्र रोज कानावर आहे. पठारावरच्या कोणीही कुठल्याही कार्यालयात अर्ज टाकला, की काही दिवसांनी कागद येतो : ‘आपला अर्ज पुढील उचित कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे.’ जुन्नरला चौकशी करावी तर आपण पुण्याला असता. पुण्याला जावे तर मंत्रालयात, आणि मंत्रालयात कोणाला विचारले तर ‘ते क्षेत्रीय स्तरावर आहे हो’. इतका फिरतीचा अधिकारी महाराष्ट्रात दुसरा नसेल. आपला प्रवासभत्ता कोण मंजूर करते, हेही एकदा कळले तर बरे होईल.

आम्ही कुठे राहतो ते सांगतो, म्हणजे कधी वाट वाकडी करून यावेसे वाटले तर सोपे पडेल. माळशेज चढून कल्याण-नगर रस्त्याने ओतूर, आळेफाटा करत पुढे आलात की आणे घाट लागतो. घाटात गुळुंचवाडीजवळ ओढ्याच्या पाण्यानेच खडक कोरून एक पूल तयार केला आहे. त्याची निविदा निघाली नाही, सुधारित अंदाजपत्रक झाले नाही, दोषदायित्व कालावधीचा फलकही नाही, तरी तो उभा आहे. आपण त्याकडे पाहून मन खट्टू करून घेऊ नये. घाट संपला की आमचे पठार : आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी जिरायत, पीक बाजरीसारखे. उन्हाळ्यात मात्र शासन न चुकता घाट चढून येते, टँकरच्या रूपाने.

तालुका आमचा धरणांचा म्हणून ओळखला जातो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही जुन्नरची आणि डिंभे हे शेजारच्या आंबेगावचे, अशी पाच धरणे मिळून कुकडी प्रकल्प होतो. चिल्हेवाडीचे धरण आणखी निराळे. कुकडीचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत पोचते. पोचावे, तिकडची माणसेही पाणीच पितात. आमच्याकडे ते येत नाही याचे कारण आम्हाला लहानपणापासून सांगितले आहे : पठार उंच आहे. म्हणजे दोष सह्याद्री घडवणाऱ्या लाव्ह्याचा, आणि त्याच्यावर जबाबदारी निश्चित करायची तर तो केव्हाच थंड झाला आहे. पाणी उपसून वर आणावे ही मागणी जुनीच. दर निवडणुकीत ती घाट चढून येते, मतमोजणीच्या दिवशी उतरून जाते. दरम्यान 2018 साली कुकडी प्रकल्पाला सुमारे 3,948 कोटींची चौथी सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली. मान्यता चारदा सुधारली. आमच्या सातबाऱ्यावरचा ‘जिरायत’ हा शब्द एकदाही सुधारला नाही.

पण आज धरणांविषयी लिहायचे नाही. आज फक्त एका थेंबाविषयी.

समजा, आषाढात एक थेंब पठारावर पडला. तो शेतात पडून बांधाला अडला, तर कृषी विभागाचा. घरंगळत नाल्यात गेला, तर आधी त्या नाल्यावरच्या बंधाऱ्याची सिंचनक्षमता विचारावी लागते. ती 100 हेक्टरपर्यंत असली तर थेंब जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाचा, त्यापुढे 600 हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाचा, आणि 600 ओलांडली की जलसंपदेचा. थेंबाला बिचाऱ्याला हेक्टर कळत नाही, तो उताराने जातो. जमिनीत मुरला, तर त्याची मोजदाद भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. विहिरीतून उपसून नळात शिरला, की ग्रामीण पाणीपुरवठ्याचा, आणि योजना मोठी असली तर जीवन प्राधिकरणाचा. आणि यातले काहीही न घडता तो वाफ होऊन गेला, तर महसूल खात्याचा, कारण मग टँकर लागतो आणि टँकरला महसूलची सही लागते. पुढे पीक जळाले की पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे एकदम येतात. थेंब जिवंत होता तेव्हा एकाचीही फेरी नव्हती.

यात लबाडी कोणाची आहे, असे आमचे म्हणणे नाही. उलट प्रत्येकाची वही चोख आहे. काम मंजूर झाले का? झाले. खर्च पडला का? पडला, तोही 31 मार्चच्या आत. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे का? आहे. फोटो? कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि नंतरचा, तिन्ही. सगळे रकाने भरलेले. एकच रकाना कोणाच्याही वहीत छापलेला नाही : हंडा भरला का?

आमच्या अडाणी डोक्याला वाटते की घोळ सगळा इथे आहे. शासनाच्या हिशेबात पैसा निघाला की काम झाले. पाणी निघाले की नाही, हा प्रश्न दुसऱ्याच विभागाचा. म्हणजे आपला.

हे पठारापुरतेच आहे असेही नाही. 2012 साली राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आला आणि लोकांनी त्यातून हिशेब मांडला, की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी गेले आणि सिंचित क्षेत्र वाढले ते 0.1 टक्का. त्याच साली मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनाच्या कामांतल्या घोळाबद्दल सरकारला पत्रे लिहिली. पुढे श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांची समिती बसली, तिचा अहवालही आला. अहवाल छापून झाला, की त्याचे पुढे काय करायचे हे अर्थातच संबंधित विभागाने ठरवायचे असते. मग जलयुक्त शिवार अभियान आले. त्यावर 9,633 कोटींहून जास्त खर्च होऊनही टंचाई हटली नाही आणि भूजल वाढले नाही, असा ठपका कॅगने ठेवला; तो अहवाल 2020 साली विधिमंडळात मांडला गेला. दोन वर्षांनी जलयुक्तचा दुसरा टप्पा जाहीर झाला. सरकारे बदलली, शिव्या देणारे आणि खाणारे बदलले, वहीतले रकाने तेच राहिले. तेव्हा हे पत्र कोणा एका पक्षाने आपल्यावर ओढून घेऊ नये, आणि दुसऱ्याने हसूही नये.

हिशेब मागायला कायदे नाहीत, असे म्हणून आम्ही आपल्याला सोडणार नाही. कायद्यांचा तर आमच्याकडे सुकाळ आहे. पठार ओलांडून नगरच्या दिशेने गेले की पारनेर तालुका, त्यातच राळेगणसिद्धी. तिथल्या अण्णा हजारे यांनी 2003 साली आझाद मैदानावर उपोषण केले तेव्हा राज्याचा माहिती अधिकार कायदा अंमलात आला. देशाचा 2005 साली. त्याच 2005 चा राज्याचा आणखी एक कायदा आहे, त्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कायदा तंतोतंत पाळला जातो, हे आम्ही शपथेवर सांगू. फाईल एका टेबलावर सात दिवस राहतच नाही. सहाव्या दिवशी ती आपल्याकडे निघते.

माहिती अधिकाराचा अर्ज अवघ्या दहा रुपयांचा. मात्र आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात विषय एकच हवा आणि शब्द 150 च्या आत. आमचा विषय एकच आहे, थेंब. पण वरच्या हिशेबाने तो आठ कार्यालयांत विभागलेला, म्हणून अर्ज आठ आणि रुपये ऐंशी. तीस दिवसांनी आठ उत्तरे येतील, आठही खरी असतील, आणि ती एकापुढे एक ठेवली तरी त्यांतून पाणी निघणार नाही. वास्तविक, खर्चाची माहिती कोणी मागण्याआधी आपण होऊन जाहीर करावी, असे त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते. या कलमाचे पालन आमच्या तालुक्यात एकदा झालेले आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिने कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, ते आकड्यांसकट भिंतीवर कोरून ठेवले. वाट वर्दळीची, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावे. याला दोन हजार वर्षे होऊन गेली. तिने कोरले ते दानाची फुशारकी म्हणून, हे आम्हालाही समजते. पण फुशारकीतसुद्धा आकडा लिहावा लागतो, एवढी रीत तेव्हा होती. आता फलकावर नाव आणि फोटो मोठा, आणि अंदाजपत्रकीय रकमेच्या जागेवर नेमका रंग उडालेला.

आपल्या बाजूनेही बोलायला हवे. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली : 2024 पर्यंत घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर. मुदत आता 2028 पर्यंत गेली आहे, ते सोडून देऊ. या योजनेत एक गोष्ट चांगली आहे. गाव ‘हर घर जल’ प्रमाणित व्हायचे तर ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे हंडा भरला का, हे हंडेवालीने सांगायचे. कागदावर यापेक्षा नेमकी व्यवस्था आम्हाला सुचली नसती. पण ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण. ते जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नसते. शंभर माणसांनी विचारायचा प्रश्न मग सात-आठ जण विचारतात, त्यातले दोन ठेकेदाराचे भाऊबंद. महोदय, हे आपले पाप नाही, आमचे आहे. पण फायदा आपल्याला होतो, म्हणून आपल्या कानावर घातले.

आम्हाला हिशेब ठेवता येत नाही असेही नाही. आण्यात रंगदासस्वामींची यात्रा भरते. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, आसपासच्या गावांतून भाकऱ्या येतात, हजारो माणसे पंगतीला बसतात. आमटी कमी पडली, तिखट झाली, अमक्या आळीच्या भाकऱ्या आल्या नाहीत, हे त्याच पंगतीत कळते आणि त्याच पंगतीत विचारलेही जाते. ‘आपली आमटी पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे’ असे एखाद्या वाढप्याने म्हणून पाहावे.

तर आमची मागणी साधी आहे. नवी योजना नको, अभ्यासगट तर मुळीच नको. दरवर्षी 1 मे च्या ग्रामसभेत एकच पान चावडीवर लावावे. डाव्या बाजूला आठही कार्यालयांनी गेल्या पाच वर्षांत या गावात पाण्यासाठी केलेला खर्च, कामाच्या नावासकट आणि ठेकेदाराच्या नावासकट. उजव्या बाजूला त्या दिवशी गावात असलेले पाणी : विहिरीची पातळी किती, नळ किती दिवसांआड येतो, टँकरच्या खेपा किती. खाली बायांच्या सह्या, कारण आमच्याकडे पाण्याच्या खऱ्या लेखापाल त्याच. त्या सह्या झाल्याशिवाय पुढच्या कामाचे देयक काढू नये. डाव्या बाजूची बेरीज वाढत गेली आणि उजवीकडे टँकरही वाढत गेले, तर सगळ्यात वर ज्याचे नाव असेल त्याने त्याच सभेत उभे राहून बोलावे. ते नाव ‘संबंधित’ असे लिहिलेले चालणार नाही, आडनावासकट हवे.

पानाचा नमुना आम्ही पट्टीने रेघा मारून सोबत जोडला आहे. कागद आमचाच आहे, त्यामुळे तरतुदीचा प्रश्न येऊ नये.

आपला विश्वासू,
आणे पठारावरील एक जिरायतदार

ता. क. : हे पत्र आपल्यापर्यंत पोचताना किती कार्यालयांतून फिरेल याचा अंदाज नसल्याने पाकिटावर तिकिटे जास्तीची लावली आहेत. तीही कमी पडली, तर वाढीव खर्चाला सुधारित प्रशासकीय मान्यता द्यावी. चौथ्यांदासुद्धा मिळते, असे ऐकून आहोत.