व्याज भरा, मग बोला

केंद्राच्या एका खात्याचं आणि आपल्याकडच्या एका विद्यापीठाचं संशोधन-सहकार्य सध्या ९८ रुपये ६३ पैशांवर अडलं आहे. खातं कोणतं, विद्यापीठ कोणतं, हे विचारू नका. वाचणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला ते आपलंच वाटणार आहे.

करार झाला तेव्हाचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मागे फ्लेक्स, पुढे नऊ जण, मधल्या दोघांच्या हातात एकच फाइल आणि दोघंही ती सोडायला तयार नाहीत. शाल-श्रीफळ झालं, 'मैलाचा दगड' झाला. विषय दुष्काळी तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी. मुदत तीन वर्षं, नूतनीकरण 'परस्पर संमतीने'. संमती दोन्हीकडून आहे. अडलंय ते व्याज.

झालं असं, की उपकरणांसाठीचा दोन लाखांचा हप्ता जमा झाला २५ मार्चला. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. पाणीपातळी नोंदवणारं यंत्र सहा दिवसांत येत नाही; सहा दिवसांत प्रिंटर येतो. म्हणून विहिरींच्या प्रकल्पात दोन प्रिंटर आणि एक एसी आला. याबद्दल कोणाचाही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो सहा दिवस पैसे बचत खात्यात पडून राहिले याला. बँकेनं तीन टक्क्यांनी व्याज दिलं : ९८ रुपये ६३ पैसे.

आता २०१७चे सर्वसाधारण वित्तीय नियम स्पष्ट आहेत. अनुदानावरचं व्याज भारताच्या संचित निधीत भरायचं. पुढच्या हप्त्यातून वळतं करायला मनाई. उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुना १२-अमध्ये व्याज किती मिळालं आणि किती परत केलं, हे लिहावंच लागतं. आणि प्रमाणपत्राशिवाय नूतनीकरणाची फाइल उघडत नाही. विद्यापीठानं ताबडतोब हालचाल केली. कनिष्ठ लिपिकानं टिपणी ठेवली, कक्ष अधिकाऱ्यानं 'मान्यतेस्तव सादर' लिहिलं, सहायक कुलसचिवांनी 'चर्चा करावी' लिहिलं, चर्चा झाली, आणि वित्त व लेखाधिकाऱ्यांनी मुद्दा काढला की ही रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची टाकायची? प्राध्यापकांनी वैतागून स्वतःच्या खिशातून ९९ रुपये भरले. त्यावर खात्याचं पत्र आलं : ३७ पैसे जादा आले आहेत, त्याचा खुलासा करावा. खुलासा स्पीड पोस्टनं गेला. मग कोणीतरी विचारलं की शासकीय देणं खाजगी खिशातून भरता येतं का? येत नसेल तर भरलेले ९९ परत घ्यावे लागतील, ते खात्यात राहिले तेवढ्या दिवसांचं व्याज कोणाचं, हे ठरवावं लागेल, आणि त्यासाठी समिती लागेल. समितीच्या पहिल्या बैठकीचा चहा-बिस्किटांचा खर्च व्याजापेक्षा जास्त झाला. तो मात्र बिनबोभाट मंजूर झाला, कारण चहाला लेखाशीर्ष आहे.

या सगळ्यात मे महिना गेला. पावसाळ्याआधीची पातळी मेमध्ये मोजतात, तेव्हाच विहीर खरी किती आटली ते कळतं. ऑगस्टमध्ये फाइल सुटली तरी मेची पातळी ऑगस्टमध्ये मोजता येत नाही. तीन वर्षांच्या नोंदवहीत चौथ्या उन्हाळ्याचा रकाना कोरा राहिला, तो कायमचा. त्याचा खुलासा कोणी कोणाला मागितलेला नाही.

आणि त्या नोंदी घेणारा पोरगा? जुनी मोटारसायकल, हातात टेप, गावोगावच्या विहिरींत वाकून बघणारा. १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० रुपये छात्रवृत्ती आहे, कागदावर. ती आठ-आठ महिने येत नाही, आणि येते तेव्हा आपण उपकार केल्यासारखी एकदम येते. तोवर पेट्रोल उधार, मेस उधार, खोलीमालकाला 'पुढच्या आठवड्यात नक्की'. घरी फोन करून पैसे मागायचं त्याचं वय गेलंय, आणि ज्या घरी फोन करायचा त्या घराचीही विहीर आटलीय. सरकारच्या दोन लाखांना सहा दिवसांत व्याज लागतं. या पोराच्या पैशाला आठ महिन्यांत एक पैसा लागत नाही. त्याचा वेळ फुकट, त्याची उधारी फुकट, त्याची लाजही फुकट! नियम करणाऱ्यांपैकी एकाचा तरी पगार कधी आठ महिने थांबलाय का?

म्हणून आम्हीच हिशेब केला, सरकारच्याच तीन टक्क्यांनी. पहिल्या महिन्याचे पैसे सात महिने उशिरा, दुसऱ्याचे सहा, असं आठव्यापर्यंत. सरळ व्याज होतं २,५९० रुपये. सरकारनं त्यातून आपले ९८ रुपये ६३ पैसे खुशाल कापून घ्यावेत आणि उरलेले २,४९१ रुपये ३७ पैसे त्याच्या खात्यात भरावेत. पुढच्या हप्त्यातून वळते करू नयेत. नियमात बसत नाही.