फायबर आलं, पसारा राहिला

लँडलाइनची तांब्याची तार काढून टाका आणि फायबर घ्या, हे सांगायला कंपनीचा फोन येतो तो मोबाइलवर. लँडलाइनवर कसा येणार? ती पावसाळ्यापासून मुकी आहे, आणि तशी तक्रार त्याच कंपनीच्या दप्तरी पडून आहे.

फोन आजोबांनी उचलला तर प्रकरण लांबतं. हा नंबर मिळवायला त्यांनी ऐन उमेदीतली वर्षं प्रतीक्षायादीत काढलेली असतात. ज्यांच्या गाठीला पैसा होता ते ‘ओवायटी’ म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेखाली भली मोठी अनामत भरून रांगेत पुढे सरकत. बाकीचे शेजाऱ्यांचा नंबर लग्नपत्रिकेवर ‘पी.पी.’ म्हणून छापत, आणि फोन आला की शेजारच्या काकू जिन्यातून हाक मारत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत सुनावलं होतं की टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे. ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी फोन परत करावा. चाळीस वर्षांनी ग्राहकांनी मंत्रिमहोदयांचा सल्ला मनावर घेतला आहे. सरकारी कामाला एवढा वेळ लागायचाच.

इतक्या तपश्चर्येने घरी आलेल्या फोनवर क्रोशाचं आच्छादन असे आणि डायलला चिमुकलं कुलूप. किल्ली आजोबांच्या जानव्याला. पोरं मात्र कुलपाच्या वरताण. डायल फिरवल्यावर तारेतला प्रवाह ठरावीक वेळा तुटतो, एवढंच यंत्राला कळतं. मग रिसिव्हर ठेवायची खुंटी तेवढ्याच वेळा टकटक दाबली तरी नंबर लागायचा. त्या काळातली अर्धी प्रेमप्रकरणं कुलूप न उघडता पार पडली आणि बिल आल्यावर उघड झाली.

असा इतिहास असलेली वस्तू कोण सुखासुखी काढू देईल? शिवाय तो नंबर विम्याच्या कागदांवर आहे, गॅसच्या पुस्तकात आहे, बँकेच्या जुन्या पासबुकावर आहे. मोबाइलचा नंबर २०११पासून देशभर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येतो. लँडलाइनच्या नंबरला ही सोय नाही. म्हणजे नंबर हवा तर कंपनीही तीच. तिकडे १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवायचा नियम आला. त्यामुळे मोबाइलचे सुमारे २५४ कोटी नवे नंबर मोकळे होणार, असं सांगितलं गेलं. एकशे चाळीस कोटींच्या देशासाठी आजोबांनी एवढा त्याग केला, पण लँडलाइनवरून फोन लावणारे उरलेच इतके थोडके, की त्यांना कोणी धन्यवादही दिले नाहीत.

शेवटी फायबरवाला येतो. पाठीला सॅक, हातात ड्रिल, आणि तोंडी एकच प्रश्न : “पॉइंट कुठे देऊ?”

हॉलमध्ये नको, नुकताच रंग दिलाय. बेडरूममध्ये नको, रात्रभर दिवे लुकलुकतात. देवघराजवळ तर विषयच नको. घराचं एकमत होतं ते ड्राय बाल्कनीवर. डक्ट तिथेच, वॉशिंग मशीनचा प्लग तिथेच, आणि पाहुणे तिथवर जात नाहीत. अशा रीतीने समुद्राखालच्या केबलींनी खंड ओलांडून आलेलं इंटरनेट अखेर पोछा, प्लॅस्टिकची बादली आणि साबणाच्या पावडरीचा अर्धा फुटलेला पुडा यांच्यामध्ये विराजमान होतं. धातूचा ड्रम आणि पाणी, दोन्ही वाय-फायचे वैरी. आणि वॉशिंग मशीन म्हणजे पाण्याने भरलेला धातूचा ड्रम. कपडे धुवायला टाकले की बेडरूममधल्या मीटिंगमध्ये साहेबांचा चेहरा गोठतो. सूनबाईंच्या ऑफिसात आता तिच्या घरचा धुण्याचा वार सगळ्यांना पाठ आहे.

फायबरची काच केसाएवढी बारीक. ती फार वाकवली की आतला उजेड वळणावरच बाहेर सांडतो आणि डब्यावर लाल दिवा लागतो. आजींना हे कोण सांगणार? भिंतीवरून आयती दोरी गेलेली दिसली, त्यांनी तिच्यावर हातपुसणी वाळत घातली. दुसऱ्या दिवशी तीच दोरी नीटनेटकी गुंडाळून रबरबँड लावून ठेवली. लाल दिवा. तक्रार. तिसऱ्या दिवशी माणूस आला, त्याने रबरबँड काढला, हातपुसणी अदबीने आजींच्या हाती दिली आणि गेला.

खरी गंमत वीज गेल्यावर. जुना फोन अंधारातही चालायचा, कारण त्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच तांब्याच्या तारेतून पुरवत. घरातली वीज गेली तरी त्याचं काही अडत नसे. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. तेव्हा फायबरच्या डब्याला अ‍ॅडॉप्टर, वीज गेली तर म्हणून छोटा यूपीएस, यूपीएसला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर, डब्यातून फोनकडे जाणारी वायर, कॉर्डलेसच्या बैठकीला आणखी एक अ‍ॅडॉप्टर, आणि बेडरूममध्ये रेंज पोचावी म्हणून रिपीटर. सगळ्यांचं मिळून एक एक्स्टेंशन बोर्ड. पूर्वी एका जोडतारेवर संसार चालला होता.

मग रविवारी ड्राय बाल्कनी आवरायचा घाट घातला जातो. मागच्या दिवाळीतही घातला होता. पहिल्या तासात निघतात ते एडीएसएलचे दोन मोडेम, इंटरनेट आणि आवाज वेगळे करणारे चार स्प्लिटर, बारीक पिनेचे नोकियाचे चार्जर आणि वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली सरकवलेली टेलिफोन डिरेक्टरी. ती काढली तर मशीन डुगडुगतं, म्हणून तिला अभय.

भंगारवाल्याला बोलावलं जातं. तो वायरी हातात घेऊन तोलतो, तांब्याचा भाव मनात करतो आणि मोडेमकडे ढुंकूनही बघत नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि जुनी उपकरणं नीट मोडीत काढायची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण एक स्प्लिटर घेऊन उत्पादकाचा दरवाजा ठोठावायला निघालेला गृहस्थ अजून कोणी पाहिलेला नाही. सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या पेटीपर्यंत वस्तू जातात खऱ्या. आजोबा सकाळच्या फेरीत त्यातल्या निम्म्या परत आणतात. सोबत दुसऱ्यांच्याही दोन.

म्हणून यंदा मुलाने शास्त्रशुद्ध पद्धत काढली. बुटांचे दोन रिकामे खोके, एकावर स्केचपेनने ‘चालू’, दुसऱ्यावर ‘बंद’. अ‍ॅडॉप्टर सगळे काळे, पिना सारख्याच, आणि व्होल्टचा आकडा चष्मा लावूनही दिसेना इतका बारीक. खात्री करून घ्यावी म्हणून त्याने एकेक लावून बघायला सुरुवात केली. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर कॉर्डलेसच्या बैठकीत फिट बसला. बैठक होती सहा व्होल्टची. मशीनच्या मागून जळका वास आला, आजींनी आधी गॅस बघितला, मग कुकर.

‘बंद’चा खोका तोवर भरला होता. घरात सध्या तिसऱ्या खोक्याचा शोध चालू आहे.