काट्याची मर्जी

जुन्या गाड्यांचे काटे गाडीविषयी बोलत. वेग किती, इंजिन तापलंय किती, टाकीत उरलंय किती, एवढं सांगून ते गप्प बसत. चालवणारा माणूस कसा आहे याबद्दल त्यांचं काही म्हणणं नसे. हायब्रिड गाडीतला नवा काटा मात्र गाडीची चौकशी करायला बसलेलाच नाही. त्याच्या तबकडीचे तीन भाग: खाली ‘चार्ज’, मध्ये ‘इको’, वर ‘पॉवर’. ॲक्सिलरेटरवर पाय जरा जड पडला की काटा पॉवरकडे झेपावतो, ब्रेकवर टेकला की चार्जमध्ये उतरतो, आणि आपण समंजसपणे चाललो तर इकोच्या हिरव्या पट्ट्यात रेंगाळत राहतो. तो ओरडत नाही, ‘टुंग’ असा आवाजसुद्धा करत नाही. पण मनात साचलेला राग, उशीर झाल्याची धाकधूक, मघाशी फोनवर कुणाशी झालेली बोलाचाली, हे सगळं पायातून थेट त्याच्यापर्यंत पोचतं. हस्तरेषा पाहणाऱ्यापुढे लोक तळहात उघडा करून बसतात. मी रोज सकाळी या काट्यापुढे तळपाय उघडा करून बसतो.

या सगळ्याची सुरुवात 1997 च्या डिसेंबरातली, जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीला आली तेव्हाची. तिच्या पडद्यावर इंजिन, बॅटरी आणि चाकं यांच्यामध्ये बाण धावत असत, म्हणजे ऊर्जा कुठून कुठे चालली आहे ते चालवणाऱ्याला बसल्या जागी दिसे. पुढे 2009 मध्ये आलेल्या होंडाच्या नव्या इनसाइटनं याहून गोड युक्ती काढली. गाडी हळुवार चालवली की पडद्यावर हिरवी पानं फुटत, आणि दांडगाई केली की ती गळत. काही गाड्या तर प्रवास संपला की शंभरपैकी गुण देतात. यात मला एक करुण गंमत वाटते. शाळा सुटली, परीक्षा संपल्या, नोकरीतले वार्षिक शेरेही एकदाचे थांबले, आता आपल्याला कुणी गुण देत नाही आणि देईल अशी आशाही नाही. अशा वयात एक यंत्र मात्र रोज न चुकता आपली उत्तरपत्रिका तपासतं. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावून, गुण उमटेपर्यंत पट्टा न सोडता बसून राहणारी माणसं असतात. त्यांतलं एक मला आरशात नेहमी दिसतं.

काट्याची मर्जी राखायची तर थोडं पदार्थविज्ञान पुन्हा शिकावं लागतं, आणि तेही पायानं. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 50 किलोमीटरवरून 100 वर गेलो की तो चौपट होतो. ब्रेक लावला की मोटर उलटं काम करू लागते, चाकांचा वेग वीज होऊन बॅटरीत जमा होतो. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस उगीचच ब्रेक लावत सुटतो, जणू काही थांबण्यातच कमाई आहे. पण वेगाची वीज आणि विजेचा पुन्हा वेग होताना प्रत्येक वळणावर थोडी गळती होते. जेवढं दिलं तेवढं कधीच परत मिळत नाही. म्हणून जाणते लोक सांगतात, परत मिळवण्यापेक्षा मुळात खर्चच करू नका. काटा चार्ज आणि इको यांच्या सीमारेषेवर उभा राहिला पाहिजे. तिथे देणं नाही की घेणं नाही. इंजिन निजलेलं असतं, ‘ईव्ही’चा हिरवा दिवा लागलेला असतो आणि गाडी नुसती वाहत असते. विलंबित ख्यालात मुरलेला गवई सम लांब असतानाच तिच्याकडे निघतो आणि अलगद तिच्यावर येऊन बसतो, तसं लाल दिव्याशी पोचायचं. पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला तर थांबायचंही कारण उरत नाही. पुण्यात एवढंच होतं की आपण समेकडे निघालो असताना पुढे राखलेल्या मोकळ्या जागेत दोन स्कूटर आणि एक रिक्षा येऊन आपापली तिहाई घेऊन जातात.

कंपन्यांनी छापलेले आकडे हा एक वेगळाच वाङ्मयप्रकार आहे. 2022 मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी आल्या. त्यांच्या हायब्रिड रूपाचं ॲव्हरेज कागदावर लिटरला 27.97 किलोमीटर आहे. त्या 27.97 कडे मी फार मायेनं पाहतो. अठ्ठावीस म्हणून मोकळं होण्याचा मोह टाळून कुणीतरी ते तीस मीटर प्रामाणिकपणे वगळले आहेत. या चाचण्या रोलरवर होतात. गाडी बंद खोलीत जागच्या जागी धावते. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, आणि फिरायला जाणारे लोक टेकडीलाच एआरएआय म्हणतात. तिच्या पायथ्याच्या रस्त्यांवर रोलर नाहीत. तिथे खड्डे आहेत, वराती आहेत, आणि मधेच थांबून पत्ता विचारणारे पाहुणे आहेत. इथे तेवीस पडलं तरी मी स्वतःला कर्तबगार समजतो.

काट्याची खरी परीक्षा होते ती बोरघाटात. मुंबईला जाताना खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरू लागलो की काटा चार्जमध्ये जाऊन स्वस्थ बसतो आणि बॅटरीच्या पट्ट्या एकामागून एक भरत जातात. सुरुवातीला वाटतं, सह्याद्रीनं आज तिजोरी उघडली. पण पायथा यायच्या आतच पट्ट्या भरतात आणि गाडी हात आखडता घेते. उरलेला उतार ती इंजिनाच्या ओढीवर, काही न साठवता उतरते. या जुळ्या बहिणींची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची असते. तेवढी ऊर्जा ज्या पेट्रोलमध्ये असते ते कटिंग चहाच्या एका ग्लासात मावेल. एवढा मोठा डोंगर आणि एवढासा ग्लास! मुंबईच्या नव्या लोकल या बाबतीत अधिक सुखी आहेत. ब्रेक लावताना निर्माण झालेली वीज त्या वरच्या तारेत सोडून देतात आणि जवळपास वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते. एकीचं थांबणं दुसरीचं निघणं होतं. आपल्या गाडीला असं शेजारपण नाही. तिचं वाचवलेलं तिलाच पुरतं, आणि जास्त झालं तर घाटात वाया जातं.

घरच्यांना या साधनेचं कौतुक असतंच असं नाही. ‘अहो, मागचा रिक्षावाला आपल्यासाठी हॉर्न वाजवतोय,’ असं बायको सांगते. मी काट्याकडे बोट दाखवतो. ‘त्याला दिसतोय का तुमचा काटा?’ या प्रश्नाला अजून मला उत्तर सापडलेलं नाही. उन्हाळ्यात एसीवरून चर्चा होते. सिग्नलला गाडी उभी असताना एसी बॅटरी खात राहतो, मग निजलेलं इंजिन उठतं, आणि माझ्या चेहऱ्यावर जे काही उमटतं त्यावरून ती ओळखते की मी तिच्यापेक्षा तीन सिलिंडरच्या झोपेची जास्त काळजी करतो आहे.

आई मात्र मागच्या सीटवर गप्प असते. गाडीत बसलं की तिला मळमळायचं. पिशवी, लिंबू आणि आल्याची वडी घेतल्याशिवाय ती कधी निघाली नाही. अलीकडे ती चक्क झोपते. एकदा साताऱ्याहून परत येताना टोलनाक्यापाशी जागी झाली आणि म्हणाली, ‘तू आपल्या गल्लीतल्या ड्रायव्हरकाकांसारखी चालवायला लागलास रे.’ ते काका एसटीत होते. एसटीत दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर झाले त्याचा हिशेब ठेवतात, केपीटीएल म्हणतात त्याला. काकांपुढे ना बाण होते, ना पानं. ते इंजिनाचा आवाज ऐकत, लांबवर बैलगाडी दिसली की पाय उचलत, आणि गाडी थांब्यावर अशी आणत की उभ्यानं प्रवास करणाऱ्यालाही दांडा घट्ट धरावा लागू नये. सुट्टीत त्यांच्या गाडीनं आजोळी जायला मिळालं की आई निर्धास्त असे. त्यांच्या गाडीत माणसं झोपत, असं ती सांगे, आणि लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. डिझेल वाचवणारा पाय आणि प्रवाशाला झोपू देणारा पाय एकच असतो, हे समजायला मला एवढी महाग तबकडी घ्यावी लागली. आईच्या झोपेचा बाण त्या तबकडीत कुठेच नाही.

हिशेबच मांडायचा तर तो साधा आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्यानं पाय हलका करून वीसचं ॲव्हरेज तेवीसवर नेलं, तर 65 लिटर पेट्रोल वाचतं. हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे एवढ्यानं लवकर वसूल होत नाहीत, आणि तसं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे प्रेमानं पाहून हसावं. पण या काट्यानं शिकवलेलं बहुतेक सगळं तुमच्या साध्या गाडीतही चालतं. इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये वेगात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल तोडलं जातं. उतारावर न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. तेव्हा लाल दिवा लांबून दिसला की गिअर तसाच ठेवा आणि पाय उचला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. त्यालाही त्याच दिव्याशी थांबायचं आहे.