रोजगार समितीचा निमंत्रक

हडपसरमध्ये बेकार राहायला छाती लागते. गावात नोकऱ्याच नसल्या की माणूस सगळं सरकारवर ढकलून मोकळा होतो. इथे एका अंगाला किर्लोस्कर न्युमॅटिक, दुसऱ्या अंगाला लशींची सीरम, शिवाय मगरपट्ट्याची सायबरसिटी आणि फुरसुंगीकडचा आयटी पार्क. गाडीतळावर भेटलेला प्रत्येक काका विचारतो, "एवढ्या कंपन्या उशाशी, अन् तू घरीच?" इतिहासात एम. ए. झालेल्याने कॉम्प्रेसर बनवायचा की लस, हे मात्र काका सांगत नाहीत.

अंगमेहनत करावी म्हटलं, तर राज्याचा 1977 चा रोजगार हमी कायदा आणि केंद्राचाही, दोन्हींचा भर ग्रामीण भागावर. हडपसर पडलं महापालिकेत. इथे खड्डे मुबलक, पण ते खणायची हमी नाही.

अशात सोसायटीच्या चेअरमननी रोजगार समिती काढली आणि निमंत्रकपद मला दिलं. निकष एकच होता: "तुला काय, वेळच वेळ आहे."

पहिल्याच बैठकीत मी मगरपट्ट्याचा इतिहास काढला. आजूबाजूचे लोक गुंठे विकून गाड्या घेत होते, तेव्हा सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी जवळपास 400 एकर जमीन एकत्र केली. बिल्डरला विकली नाही. स्वतःचीच कंपनी काढून ज्याची जेवढी जमीन, तेवढे त्याला शेअर दिले. 2000 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, तेव्हा त्याच घरांतल्या पोरांनी मालपुरवठ्याची आणि बांधकामाची कंत्राटं घेतली. "म्हणजे जमीनही राहिली आणि पोरंही धंद्याला लागली!" मी टाळीसाठी थांबलो.

"आपली जमीन किती?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"पार्किंग धरून?" सेक्रेटरी म्हणाले.

जमिनीचा विषय तिथेच मिटला आणि रोजगार मेळाव्याचा ठराव झाला. मी उत्साहाने कामाला लागलो. फ्लेक्सवर चेअरमनचा फोटो एवढा मोठा आला की 'नोकरी' हा शब्द त्यांच्या कोपराखाली गेला. मेळाव्याला गर्दी मात्र लोटली. इंजिनिअर आले, बी. कॉम. आले, डी. एड. होऊन भरतीची वाट बघणारे आले. कंपनी एकच आली, आणि तिचे साहेब नोकरी द्यायला नव्हे, तर विमा एजंट जमवायला आले होते. पगार नाही, कमिशन. आणि पहिलं गिऱ्हाईक आपल्याच नात्यातलं शोधायचं.

तरीही रोजगार निर्माण झाला, हे कबूल केलं पाहिजे. बायोडाटाच्या प्रती काढता काढता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने एक पोरगा कामाला ठेवला. चहावाल्याने गावाहून मेहुणा बोलावून घेतला. मांडववाल्याची तर थकबाकीसुद्धा निघाली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मीही हळूच माझा बायोडाटा साहेबांपुढे सरकवला. ते खळखळून हसले. "निमंत्रकसाहेब, गरिबाची थट्टा करता होय!" असं म्हणून त्यांनी मलाच एक पॉलिसी समजावून सांगितली. हप्ता कुठून भरणार, असं मी विचारल्यावर म्हणाले, "एजंट व्हा की!"

वार्षिक सभेत समितीचा अहवाल वाचला गेला. लाभार्थ्यांच्या यादीत पहिलं नाव माझंच होतं. व्यवसाय: निमंत्रक. मानधन: निरंक. सभेने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षासाठी माझी एकमताने फेरनिवड केली.