हाडातली भानगड

"काय हो मावशी, कळलं का? मागच्या गल्लीतल्या अप्पांच्या पायाचं इन्फेक्शन हाडापर्यंत गेलंय म्हणे."

"कळलं तर! सून मेडिकलमध्ये भेटली. सहा आठवड्यांचं औषध लिहून दिलंय, बिचारी रडकुंडीला आलेली. नवी चप्पल लागून अंगठ्याला फोड आला. जुना डायबेटिस, पायाला काही जाणवत नाही, आणि हे त्यावर हळद दाबून गप्प बसले."

"मुलगा तर सगळ्यांना सांगत सुटलाय, डॉक्टर लुटतो म्हणून. पहिल्या एक्स-रेत हाड ठणठणीत होतं म्हणे."

"दिसणारच ठणठणीत! हाडातलं तीस-चाळीस टक्के कॅल्शियम गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही उमटत नाही. दहा-पंधरा दिवस तर सहज जातात त्यात. म्हणून मग एमआरआय करतात. आणि सून सांगत होती, डॉक्टरांनी जखमेत बोथट सळई घालून पाहिली. आत टणक लागलं की संशय पक्का."

"शी! पण मावशी, एवढासा जंतू हाड खातो तरी कसा?"

"तो कुठला खातोय! खाणारे आपल्याच घरचे असतात."

"अगंबाई!"

"ऐका तर. हाडात दोन जमाती नांदतात. गवंडी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, ते हाड बांधतात. पाडकामवाले म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, ते जुनं हाड विरघळवतात. जन्मभर दोघांचं काम जोडीनं चालतं, म्हणून हाड नवं राहतं. आता अप्पांचं कल्चर यायचंय, पायाच्या जखमेत चार जंतू मिळूनही असतात, पण हाडात बहुतेक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. लॅबमध्ये जन्म गेला माझा त्याच्या संगतीत. रक्ताच्या प्लेटवर पिवळसर सोनेरी ठिपके, भोवती रक्त विरघळून झालेलं स्वच्छ कडं. दिसायला देखणा हो मेला!"

"देखणा काय! कोणी शोधला हा?"

"स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या ऑग्स्टन नावाच्या सर्जननं, 1880 च्या सुमाराला. घरामागच्या बागेत लॅब थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांत जंतू वाढवले. बायकोनं कसं चालवून घेतलं कोण जाणे. तर हा स्टॅफ गवंड्याच्या अंगावरच्या चिकट प्रथिनाला धरतो आणि गवंडीच त्याला आत ओढून घेतो. आत गेला की पांढऱ्या पेशींना दिसत नाही, औषधही नीट पोचत नाही. काही तर आत जाऊन आपली चाल मंद करून बसतात. आमच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी काहीच दिसायचं नाही, तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. घाईनं प्लेट टाकली की रिपोर्ट निगेटिव्ह!"

"मग तो गवंडी मुकाट्यानं सोसतो सगळं?"

"छे! आरडाओरडा करतो. रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो, इथवर शहाणपणाचं. पण त्याच गडबडीत रँक-एल नावाचं प्रथिनही जास्त काढतो. ती पाडकामवाल्यांना दिलेली ऑर्डर. मग रक्तातून आलेल्या पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे ऑस्टिओक्लास्ट तयार होतात, हाडाला चिकटतात, आम्ल सोडतात आणि खड्डे पाडत सुटतात. वर स्टॅफच्या अंगावरचं प्रोटीन-ए गवंड्यांना मारत असतं. बांधणारे मेले, पाडणारे वाढले. हाड राहील कसं?"

"घरभेदीपणाच झाला की हा!"

"पू साठून दाब वाढला की रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तुकडा मरतो. डॉक्टर त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. तिथे रक्त नाही, म्हणजे औषधही नाही. तो कापूनच काढावा लागतो. आणि अजून एक ऐका. हाडातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी हाडातच चिणून घेतलेल्या असतात, ऑस्टिओसाइट. त्यांना जोडणाऱ्या नळ्या अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक, आणि स्टॅफ साधारण एक मायक्रॉनचा. वाटेल, शिरायचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांनी 2017 मध्ये उंदरांच्या हाडांचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढले. हा पठ्ठ्या अंग चेपून त्या नळ्यांत रांगेनं शिरलेला! आपली पांढरी पेशी दहा-बारा मायक्रॉनची, ती काय करणार तिथे?"

"म्हणून सहा आठवडे होय!"

"म्हणूनच. आठवड्यात जखम वरून कोरडी पडते, पेशंट खूश, गोळ्या बंद. आणि महिना-दोन महिन्यांनी, कधी कधी तर वर्षांनी, तिथूनच पुन्हा पू."

"पण सहा आठवडे सलाईन लावून पडायचं म्हणजे घरच्यांचीही परवड."

"तसं नाही हो राहिलं आता. ब्रिटनमध्ये हजारावर पेशंटांवर मोठी चाचणी झाली, 2019 मध्ये छापून आली. पहिल्या आठवड्यानंतर तोंडानं गोळ्या घेतलेले आणि शिरेतून औषध घेतलेले, दोघांचा निकाल सारखाच. गोळी मात्र नीट निवडलेली हवी."

"मग सुनेला काय सांगू? आत्ता भाजीला जाताना भेटेल ती."

"तिला म्हणावं, वरच्या पुवाचा स्वॅब दिला असेल तर त्यावर विसंबू नका. वर एक जंतू आणि हाडात भलताच, असं कितीदा पाहिलंय मी. हाडाचा तुकडा कल्चरला गेलाय का, ते डॉक्टरांना विचारा. आणि मुलाला बजावून सांगा, रिपोर्ट येईपर्यंत दुकानदाराच्या सांगण्यावरून परस्पर गोळी बदलायची नाही."