माफ करणारा मांजा

येवल्यात गोल्फचं मैदान नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. जिल्ह्याच्या गावी, नाशकात, एक ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे खरं. पण तिथे रणजीचे सामने होतात, सभा गाजतात, सकाळी मंडळी चालायला येतात, आणि कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. गोल्फ तेवढा दिसत नाही. तरीही संक्रांत तोंडावर आली की येवलेकर पतंगबाजांनी गोल्फच्या बाजारात एक चक्कर मारावी, अशी या सदराची शिफारस आहे. कारण ज्या गुणासाठी तिकडचे शौकीन पन्नासेक हजार रुपये राजरोस मोजतात, तोच गुण आपल्याकडे जानेवारीत शटर अर्धं खाली ओढून विकला जातो. तो गुण म्हणजे खेळणाऱ्याची चूक पोटात घालण्याचा.

गोल्फमध्ये पहिला लांबचा टोला हाणायच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. चेंडू तिच्या माथ्याच्या बरोबर मध्यावर बसला तर सरळ जातो. रोज खेळणाऱ्या सामान्य माणसाचा तो मध्यावर बसत नाही. कडेला लागतो, माथा हातात पिळला जातो आणि चेंडू झुडपात. यावर इंजिनिअरांनी तोड काढली, की माथ्याचं वजन मध्यातून काढून कडांकडे न्यायचं, म्हणजे टोला चुकला तरी माथा कमी फिरतो. पिंग कंपनी काढणारे कार्स्टन सोल्हाइम हे या विद्येचे आद्य आचार्य. पुढे कंपन्यांत इतकी चढाओढ लागली, की नियम करणाऱ्या संस्थांना आवर घालावा लागला. माथा ४६० घनसेंटीमीटरपेक्षा मोठा नको, आणि पिळाला विरोध करण्याचं माप ५९०० च्या फार पुढे नको. मग २०२४ मध्ये दोन कंपन्यांनी आडव्या आणि उभ्या पिळाची मापं एकत्र केली आणि ‘दहा हजार’ असा आकडा जाहिरातीत झळकवला. बेरजेची ही पद्धत आपल्याकडच्या निवडणूक सभांच्या गर्दीलाही लागू पडते, पण ते असो. मुद्दा एवढाच की चूक किती माफ करायची याला तिथे ठरलेली हद्द आहे, त्या हद्दीत बसणाऱ्या माथ्यांची यादी जाहीर होते, आणि माफीचं बिल खेळणाऱ्याच्याच खिशातून फाटतं.

आता येवला. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या फुललेल्या, हलकडी वाजते आहे, आणि इतरत्र जिथे फिरकी चालते तिथे येवला आपल्या आसारीवर अडून बसलेलं. या खेळातला मूळ मांजा सुती. सुताचे अनेक पदर, वर खळ आणि काचेची पूड. तो मुळातच माफ करत नाही. पेच लागला आणि ढील द्यायची तिथे तुम्ही खेच दिली, की दोरा खटकन तुटतो, पतंग गुल होतो आणि शेजारच्या गच्चीवर तुमच्या नावाने हलकडी वाजते. ढील कधी आणि खेच कधी, हे कळायला बरेच जानेवारी जातात. नायलॉन मांजाने ही शाळाच बंद केली. तो एकसंध धागा, ताणला तर लांबतो, सहजी तुटत नाही, भिजला तरी कुजत नाही. ज्याला वारा कुठून आहे हे बोट ओलं करूनही उमगत नाही, तोही दहा पतंग कापतो. सामान्य खेळाडूसाठी याहून उदार साधन सापडणार नाही. फक्त या उदारतेचा खर्च तो दुसऱ्याच्या नावावर टाकतो. तुटत नसल्यामुळे तो झाडाला, विजेच्या तारेला, रस्त्याच्या आरपार पडून राहतो, आणि मनमाड रस्त्याने दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसाच्या गळ्याला लागतो. तेव्हाही तुटत नाही. झाडात अडकलेल्या घारीच्या पंखात तो संक्रांतीनंतरही कापत राहतो, कारण त्याला कुजायची घाई नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर अशा मांजावर बंदी घातली: तयार करणं, साठवणं, विकणं, वापरणं, सगळ्यावर. त्यामुळे जानेवारी आला की छापे पडतात, जप्त रिळांचा ढीग टेबलावर मांडून फोटो निघतो. छाप्यांचा हंगाम आणि विक्रीचा हंगाम एकच असणं हा शासकीय नियोजनाचा उत्तम नमुना आहे. रिळं ज्या महिन्यांत तयार होतात आणि गाडीत चढतात, त्या महिन्यांत यंत्रणेला बहुधा वारा अनुकूल नसतो.

‘समोरचा नायलॉन वापरतो, मग मी काय शेवयांनी पेच लढवू?’ हा सर्वांत जोरकस आक्षेप, आणि तो खोटा नाही. पण समोरच्याने घेतला म्हणून तुम्ही घेतला, की तुमची बरोबरी पुन्हा होती तिथेच आली. दोघांचाही दोरा तुटत नाही, दोघेही बोटं कापेपर्यंत खेचत बसतात. बदल होतो तो फक्त खालच्या रस्त्यावर. दुसरे म्हणतात, परंपरा आहे. नायलॉन जगापुढे आला १९३८ साली, अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीतून, आणि पहिल्यांदा विकला गेला तो दात घासायच्या ब्रशाच्या केसांसाठी. तेव्हा परंपरा असलीच तर दंतवैद्यांची. तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: काच लावलेला सुती मांजाही गळा कापतो. कापतो. सुती म्हणून त्याला सोवळं समजण्याचं कारण नाही. फरक इतकाच की तो जोर बसला की तुटतो आणि पावसात कुजतो. ज्याला खरोखर कुणाचा गळा नको आहे, त्याने काचेशिवायचा साधा दोरा घ्यावा. अशा दोऱ्याने पेच लढवायला हात लागतो, म्हणून ही सूचना फारशी लोकप्रिय होणार नाही.

मग नवशिक्याने चूक माफ करून घ्यायचीच नाही का? जरूर घ्यावी; फक्त ती दोऱ्यात शोधू नये, पतंगात शोधावी. गोल्फवाल्यांनी वजन काठीच्या माथ्यातच सरकवलं, चेंडूला सुरे लावले नाहीत. कामट्या दोन्ही बाजूंना सारख्या तासलेल्या आहेत ना, ते पतंग बोटावर तोलून बघावं. एका अंगाला कलला तर तो हवेतही तिकडेच गोत खाणार. कन्नी बांधताना वरच्या आणि खालच्या दोऱ्याची लांबी चुकली तर जगातला कुठलाही मांजा तुम्हाला वाचवत नाही. आणि हे सगळं जमेना तर उपाय आहेच, तोही पूर्णपणे कायदेशीर: शेपूट. शेपटीला हवा ओढते, त्यामुळे पतंगाचं डोकं वरच राहतं आणि तो गिरक्या घेत खाली येत नाही. ४६० घनसेंटीमीटरवाल्या काठीने जे पन्नास हजारांत साधतं ते इथे फुकटात.

आता गोल्फच्या दुकानात एक गंमत घडते. सामान्य खेळाडूला माथा जरा जास्त कललेली, बारा अंशांची काठी सोयीची पडते. पण तो घेतो नऊ अंशांची, कारण मोठे खेळाडू तसली वापरतात. आपल्या गच्चीवरही तेच. मिशा फुटलेला बाप्या बंदी घातलेली रिळं खिशात लपवून जिना चढेल, पण पतंगाला शेपूट लावणार नाही. शेपूट पोरांनी लावायची असते. पेचात शेपूटवाला पतंग जड जातो, चपळ वळत नाही, हे मान्य. पण ज्याचा पतंग पेचाआधीच समोरच्या पिंपळात जातो, त्याने चपळाईची चिंता कशाला करावी? शेपटीला दुकानात जायचीही गरज नाही. जुन्या सुती साडीची एक चिंधी पुरते. तेवढं कपाट उघडताना घरात विचारून घ्यावं, कारण हे येवला आहे, आणि चुकून हात पैठणीच्या काठाला लागला तर ती चूक पोटात घालणारं साधन अजून निघालेलं नाही.